मालकाचं 'बघू' आणि दोन पिढ्यांचे कान

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना, वडिलांनी उभा केलेला. आता मुलगा बघतो आणि प्रश्न मुलाचाच आहे. सत्तर-पंच्याहत्तर माणसं. त्यातले पंधरा-सोळा वडिलांच्या वेळचे, पंचवीस-तीस वर्षं झालेले, अजूनही पाळीच्या आधी दहा मिनिटं दारात हजर. नवी भरती मात्र तीन-चार महिन्यांत निघून जाते. दोनदा पगार वाढवला, फरक पडला नाही. 'या पिढीला हवंय तरी काय?' असं विचारलंय, आणि जाता जाता बायोमेट्रिक हजेरी लावू का, हेही.

मी सव्वीस वर्षं याच कामात आहे. एका चादर कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागलो, पुढं पर्सोनेलला गेलो. आता सोलापुरातल्या आठ-दहा लहान-मध्यम कारखान्यांची भरती, पगारपत्रकं आणि भांडणं बघतो. उत्तर लांबेल, कारण प्रश्नात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे आणि आधी तीच तपासायला हवी.

वडिलांच्या वेळची माणसं टिकली, असं तुम्ही म्हणता. कोण टिकली? जी टिकली तीच तुमच्यासमोर आहेत. जी गेली त्यांची नावं आज कोणाला आठवणार? ऑफिसच्या माळ्यावर जुनी हजेरीबुकं असतील तर खाली काढा. मी एका कारखान्यात काढली होती, नव्वदच्या दशकातली, कडा वाळवीनं खाल्लेली. एका वर्षात लागलेल्या नव्या माणसांची नावं बघत गेलो. दिवाळी यायच्या आत निम्म्याहून जास्त नावांवर लाल रेघ होती. मालक शेजारीच उभे होते. म्हणाले, "अरे, हे सगळे गेले होते काय?" त्यांच्या डोक्यात त्या काळाचं चित्र म्हणजे उरलेली सात-आठ माणसं, तेवढंच. वीस-बावीसच्या वयात माणूस जागा बदलतो. तेव्हाही बदलायचा, आताही बदलतो. हा फरक वयाचा आहे, त्याला पिढीचा म्हणू नये.

आणखी एक घोळ काळाचा असतो. २०२० च्या टाळेबंदीत कारखाने बंद पडले, तेव्हा पन्नाशीचा माणूसही घरी बसला आणि विशीतलाही. त्यानंतर दोघांच्याही वागण्यात फरक पडला. माझ्या ओळखीतल्या दोन जुन्या मागवाल्यांनी त्यानंतर पाळी सोडून घराजवळ भाजीचा गाडा लावला. त्यांना कोणी 'आजकालची पिढी' म्हणत नाही. वय, काळ आणि पिढी ही तीन वेगळी कारणं एकाच माणसात एकत्र आलेली असतात, आणि ती सुटी करणं अभ्यासकांनाही जमत नाही. २०२० मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं या विषयावर मोठा अहवाल काढला. पिढ्यांची लेबलं लावून मनुष्यबळाचे निर्णय घ्यायला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असा त्याचा निष्कर्ष. आणि ती लेबलंही तिथलीच. १९४६ ते १९६४ मध्ये जन्मले ते अमुक, त्यानंतरचे तमुक. १९४६ ला तिकडं महायुद्ध संपून सैनिक घरी आले होते, पाळणे हलत होते. आमच्या साखर पेठेत त्याचं काय?

पिढी बनते ती लोकांनी ऐन उमेदीत एकत्र काय पाहिलं त्यावरून. सोलापुरात कामगारांच्या पिढ्या करायच्या असतील तर माझ्या मते रेघा अशा पडतील: ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला ते, ज्यांनी मिलचा भोंगा ऐकला ते, ज्यांनी भोंगा बंद होताना बापाचा चेहरा पाहिला ते, आणि ज्यांनी हे सगळं फक्त घरातल्या भांडणात ऐकलं ते. तुमची नवी भरती या शेवटच्या गटातली आहे, आणि उत्तर तिथंच आहे असं मला वाटतं.

बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, त्यांच्या लेखी डोक्यावर पत्रा असलेला माग ही चैन होती. असे आता कामावर कोणी उरले नाहीत. पण तुमच्या पंधरा-सोळा जणांचे आई-बाप ते होते. त्यांच्या घरात 'काम सोडू नको' हे बाळकडू होतं.

त्याच्या जोडीला मिल. सोलापुरात पहिली मिल, जिला आपण जुनी मिल म्हणतो, ती १८७७ ची. पुढं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. मिलमध्ये माणूस आधी बदली म्हणून लागायचा. रोज गेटवर उभं राहायचं, कोणाचा खाडा पडला तर आत घ्यायचे. कायम व्हायला वर्षं जायची, पण कायम झाला की पोराला लग्नाच्या बाजारात भाव यायचा. म्हाताऱ्याच्या जागी पोराला बदलीत घ्यायचे. म्हणजे वायदा लांबचा होता, पण खरा होत असलेला शेजारच्या घरात दिसत होता.

मग मिल बंद पडल्या. एकदम नाही, रखडत रखडत. एका घरातली गोष्ट सांगतो, मिलचं नाव नको. आजोबांची तीस वर्षांवर नोकरी. मिल बंद झाल्यावर देणी मिळायला इतकी वर्षं गेली की पैसे हातात आले तेव्हा ते दवाखान्यातच गेले. आता त्यांना पेन्शन येते ती पीएफच्या १९९५ च्या पेन्शन योजनेची. तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे आणि त्यांना त्याच्या थोडीशीच वर मिळते. नातू एकवीसचा. हा नातू जेव्हा माझ्यासमोर भरतीला बसला आणि मी त्याला पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सर, ते कापून घेऊ नका ना. हातातच द्या."

मला राग आला होता. पीएफ कापणं कायद्यानं आहे, मी काय मेहेरबानी करतोय काय, वगैरे मनात आलं. घरी जाताना विचार केला की त्यानं घरात पाहिलेला हिशोब माझ्यापेक्षा पक्का आहे.

आता 'बघू' कडे येतो.

तुमच्यासारख्याच एका कारखान्यातून आयटीआय झालेला बावीस वर्षांचा मुलगा गेला. जाताना कारण सांगितलं, पगार परवडत नाही. सोडून जाणारा माणूस त्या दिवशी खरं सांगत नाही. त्याचा हिशोब व्हायचा असतो, आठ-पंधरा दिवसांचा पगार तुमच्याकडं अडकलेला असतो, तो कशाला तोंड वाईट करेल? म्हणून माझी एक सवय आहे. सोडलेल्या माणसाला दोन महिन्यांनी फोन करायचा. हिशोब झालेला असतो, नवीन जागेची नवलाई गेलेली असते, मग बोलतो. हा चाकणला लागला होता. पगार जास्त, पण खोलीभाडं, मेस, महिन्याला एकदा सोलापूरची चक्कर. खाली उरत होतं ते इथल्यापेक्षा कमीच. तोच सांगत होता. मग का गेला बाबा? म्हणाला, "सर, मी तीनदा विचारलं, हेल्परचा मागवाला कधी करणार, स्वतंत्र माग कधी देणार. मालक तीनही वेळा 'बघू' म्हणले."

मालकांना मी हे सांगितलं. ते खरंच चकित झाले. म्हणाले, "मी तर हो म्हणालो होतो!" आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या जुन्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला, वीस वर्षांपूर्वी त्यांनी असंच 'बघू' म्हटलं होतं. पोरीच्या लग्नाला उचल पाहिजे होती. 'बघू' म्हणजे दिली, हे जॉबरला माहीत होतं, आणि मालकांनी दिलीही. दोघांमध्ये तो शब्द चलनी नोटेसारखा चालत होता. तोच शब्द बावीस वर्षांच्या पोराच्या कानात 'नाही' म्हणून गेला. त्याच्या घरात आजोबांना वर्षानुवर्षं सगळ्यांनी 'बघू' च म्हटलं होतं.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर हे आहे: दोन्ही पिढ्यांना हवं जवळजवळ तेच आहे, पैसा, मान, पुढं जायची वाट, घरच्या अडचणीला सवड. फरक आहे तो मालकाचा वायदा किती लांबचा असला तर त्यावर विश्वास बसतो, यात. जुन्याला दिवाळीचा वायदा चालतो, नव्याला शनिवारचा लागतो.

इथं कोणी म्हणेल की पोरांना लांबचा विचारच करता येत नाही, मोबाईलनं डोकी गेलीत. मला ते पटत नाही. सोलापुरातच बघा. कुंभारीला विडी कामगार बायांची दहा हजार घरांची वसाहत २००६ ला झाली. त्यानंतर असंघटित कामगारांच्या रे नगरची घरं आली, पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. त्यासाठी लोक वर्षानुवर्षं वाट बघत, कागद गोळा करत, हिस्सा भरत थांबले. त्यात तरुणही होते. का थांबले? कारण आधीची दहा हजार घरं डोळ्यांसमोर उभी होती. मावशी त्यात राहत होती. तुमच्या कारखान्यात दोन वर्षांत हेल्परचा मागवाला झालेला एक तरी मुलगा नव्या भरतीला दाखवता येईल का? येत असेल तर पहिल्याच दिवशी त्याच्याच हाताखाली द्या. येत नसेल तर तुमचं 'बघू' कशाच्या जोरावर चालणार?

पगार वाढवून फरक का पडला नाही, याचंही थोडं बोलू. हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये मांडलं होतं की पगार, पंखा, साहेबाचा स्वभाव या गोष्टी वाईट असल्या की माणूस नाराज होतो, पण त्या सुधारल्या म्हणून कामाची ओढ लागत नाही. ओढ लागते ती काम जमल्याच्या समाधानानं, जबाबदारीनं, पुढं सरकण्यानं. त्यानं मुलाखती घेतल्या त्या पिट्सबर्गकडच्या इंजिनिअर आणि हिशेबनिसांच्या, मागावरच्या माणसांच्या नव्हे. म्हणून मी ते जसंच्या तसं घेत नाही. आपल्याकडं पैसा ही ओढसुद्धा असते. पण तो कसा मिळतो, किती वेळानं मिळतो, आणि त्याचा हिशोब स्वतःला मांडता येतो का, यावर सगळं अवलंबून.

माझीच एक चूक सांगतो. एका कारखान्यात मी हजेरी भत्ता सुरू केला होता, महिन्याला १,००० रुपये. अट एकच, एकही खाडा नको. कागदावर झकास. तीन महिन्यांनी हजेरी बघतो तर खाडे वाढलेले! नीट बघितल्यावर कळलं की एखाद्याचा चार तारखेला खाडा पडला की त्याचे हजार रुपये गेले. मग उरलेल्या महिन्यात खाडा न करण्याचं त्याला काही कारणच उरत नव्हतं. उलट 'गेलेच ना आता' म्हणून आणखी दोन पडायचे. आणि चार तारखेचा तो पहिला खाडा कशामुळं? यादी काढली तर बरेचसे खाडे ठरावीक दिवसांच्या अंतरानं, ठरावीक पेठांतल्या माणसांचे. पाण्याचा दिवस! बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, सोलापूर शहरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या आड येतं. त्या दिवशी घरात एक धडधाकट माणूस लागतोच. बाई विडीला किंवा शिवणकामाला गेलेली असेल तर तो तरुण मुलगाच. मोटर लावा, बॅरल भरा, वर चढवा. आणि आम्ही त्याला 'बेजबाबदार' म्हणत होतो.

मग भत्ता मोडून दिला. आठवड्याला २०० रुपये, त्या आठवड्यात खाडा नसेल तर. चारही आठवडे पुरे झाले तर वर आणखी २००. एकूण तेवढेच हजार, मालकाला एक रुपया जास्त नाही. आणि पाण्याच्या दिवशी दोन तास उशिरा यायची मुभा, वेळ नंतर भरून द्यायची. तरुणांचे खाडे उतरले. पण जुने चिडले. त्यांना तो हजार एकगठ्ठा हवा होता, भिशीत घालायला. मग फॉर्मवर दोन चौकोन केले: आठवड्याला की महिन्याला, ज्यानं त्यानं खूण करावी. जुन्यांपैकी बहुतेकांनी महिना निवडला, तरुणांपैकी बऱ्याच जणांनी आठवडा. मला गंमत वाटली ती उलट्या खुणा करणाऱ्यांची. चोविशीतला एक, नुकतंच लग्न झालेला, फ्रिजचा हप्ता चालू. त्यानं महिना निवडला. आणि बावन्नचा एक, पोरं पुण्याला, बायको गेलेली, त्यानं आठवडा. जन्मवर्षावरून योजना केली असती तर या दोघांनाही चुकीच्या खान्यात टाकलं असतं.

पैशाचंच आणखी एक, ज्याच्याकडं कारखानदारांचं लक्ष जात नाही. जुन्या माणसाला एकगठ्ठा रक्कम लागली की उचल मिळायची. लग्न, दवाखाना, पत्रे बदलणं. उचल फिटेपर्यंत तो जाऊ शकत नव्हता. तुमच्या पंधरा-सोळा जणांच्या निष्ठेत उचलीचा वाटा किती, हे वडिलांना एकदा विचारा. मला वाटतं ते हसतील. नव्या पोराला तुम्ही उचल देत नाही, कारण तो पळून जाईल ही भीती. त्यालाही एकगठ्ठा पैसा कधीतरी लागतोच. मग तो काय करतो? नोकरी सोडतो आणि पीएफ काढायच्या मागं लागतो. एका कारखान्यात सलग चार मुलं अशीच गेल्याचं मी पाहिलंय. सोडल्यावरच मोठी रक्कम हातात पडणार असेल तर सोडण्याला आपणच बक्षीस लावलं की. म्हणून मी सहा महिने झालेल्याला एका पगाराइतकी बिनव्याजी उचल द्यायला सांगतो, सहा हप्त्यांत फेडायची. बुडते का? बुडते कधीकधी. नवीन माणूस भरून, शिकवून, त्याच्या हातून बिघडलेला माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, घालण्यापेक्षा ते बुडणं स्वस्त पडतं. आणि उचलीनं बांधून ठेवायचं मात्र नाही. जाणाऱ्याला जाऊ द्या, बाकी हिशोबात वळती करा.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. पाच वर्षं झाल्यावर, दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस सव्वीस धरून. १८,००० वर पाच वर्षांचे ५१,९२३ रुपये होतात. पंचेचाळिशीच्या माणसाला हा आकडा सांगितला की तो बोटांवर पुढची वर्षं मोजतो. बाविशीच्या पोराला 'पाच वर्षं' हाच शब्द आधी ऐकू जातो आणि पुढचा आकडा जातच नाही. कायद्यालाही हे कुठंतरी उमगलंय असं दिसतं, कारण सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी धरलीय.

आता वाट. मालक लोक माझ्याशी पगारावर तासभर बोलतात आणि याच्यावर दोन मिनिटं. हेल्पर, मग एक माग, मग दोन माग, मग जॉबरचा हाताखालचा, मग जॉबर. ही शिडी तुमच्याकडं असेलच, फक्त ती तुमच्या डोक्यात आहे. भिंतीवर लावा. प्रत्येक पायरीला काय यायला हवं, किती महिने, किती रुपये. सुताची तार तुटल्यावर किती वेळात जोडतो, पाइलचा (टॉवेलवरच्या सुताच्या फासांचा) ताण ओळखतो का, बीम (सूत गुंडाळलेला रूळ) बदलताना हाताखाली उभं राहतो का. पायऱ्या छोट्या करा, चार-चार महिन्यांच्या. पैसे थोडे असले तरी चालेल. तारीख पक्की हवी. त्या तारखेला तुम्ही गावाला गेला असाल तर फोनवरून द्या, पण द्या. एकदा चुकवलीत की ती भिंत पुन्हा 'बघू' झाली.

एक सावधगिरी. हे करताना 'या महिन्याचा उत्कृष्ट कामगार' असा फोटो लावायचा मोह होतो. मी लावला होता. उत्पादनाच्या आकड्यावर पहिला आलेला पोरगा खूश झाला, बाकीचे सगळे बिथरले, कारण त्याच्या वाट्याला नवा रेपियर माग होता आणि इतरांकडं जुने, तार खाणारे. कोणाला कोणता माग हे जॉबर ठरवायचा. एक जण सरळ म्हणाला, "सर, फोटो जॉबरचा लावा." बरोबरच होतं. मागांची वाटणी आळीपाळीनं होईपर्यंत आकड्यांना काही अर्थ नव्हता. तरुणांना स्पर्धा आवडते असं पुष्कळ ऐकतो. त्यांना स्पर्धेत आधी नियम दिसतात एवढं खरं.

जुन्यांचा विषय तुमच्या प्रश्नात नाही, पण असायला हवा होता. ते टिकलेत म्हणजे खूश आहेत असं नाही. तुमच्याकडं नवे माग आले असतील, पडद्यावाले. तसे माग आले त्या एका कारखान्यातले जॉबर मामा मला आठवतात. स्वतःचा पाना तेलकट फडक्यात गुंडाळून घरी न्यायचे आणि सकाळी आणायचे, दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत. माग बिघडला की कान लावून सांगायचे, कुठं काय सैल झालंय ते. नव्या मागावर बिघाड झाला की पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आणि आकडा यायचा. मामा तिकडं जायचेच बंद झाले. लांबूनच जुन्या मागांची देखभाल करत राहायचे आणि त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. मी त्यांच्याबरोबर एक तरुण दिला: पडदा त्यानं वाचायचा, बिघाड मामांनी शोधायचा, आणि ब्रेकडाऊनचा भत्ता दोघांत सारखा. पहिले पंधरा दिवस मामांनी त्याला पान्याला हात लावू दिला नाही. 'हा शिकला की मला घरी बसवतील' ही भीती, आणि ती काही वेडी भीती नव्हती. मालकांनी त्यांना लेखी दिलं, अठ्ठावन्ननंतरही शिकवण्यासाठी दोन वर्षं ठेवू, तेव्हा जोडी बसली. लेखी! ज्या मामांना वीस वर्षं 'बघू' पुरलं होतं, त्यांनाही म्हातारपणी कागद लागला. अशा तीन जोड्या केल्या होत्या. एक चांगली चालली, एक कशीबशी, एक आठवड्यात फुटली. फुटली ती तोंडावरून.

तोंडावरून म्हणजे बोलण्यावरून. आपल्या सोलापुरात 'काय बे' हे प्रेमानंही म्हणतात आणि उतरवायलाही. जुना माणूस मालकाचं 'काय करलालास बे' ऐकून सुखावायचा, मालक आपल्याला घरचा समजतात म्हणून. त्यांचं येणंजाणंही होतं. मालक त्यांच्या पोरांच्या लग्नात अक्षता टाकून जेवून यायचे, मार्कंडेयाच्या रथाला एकत्र चालायचे. तुम्ही नव्या पोराच्या घरी कधी गेला नाहीत. ती जवळीक नसताना तेच 'बे' सगळ्यांसमोर ऐकलं की त्याला शिवीसारखं लागतं. मी फोन केलेल्यांपैकी कितीतरी जणांनी शेवटी हेच सांगितलंय, आडवळणानं. एकानं सांगितलं, "चुकलं होतं माझं सर. पण पोरींच्या समोर." फिनिशिंगला बाया-मुली असतात, त्यांच्यासमोर. चूक ऑफिसात बोलावून दाखवली असती तर तो अजून कामावर असता.

मुलींवरून आठवलं. ज्यांच्या आया घरी बसून विड्या वळतात, हजार विड्यांमागं मजुरी, वर छाट (खराब ठरवून बाजूला टाकलेल्या विड्या) काढली जाते ती वेगळी, त्या मुली विडीकडं फिरकत नाहीत. शिवणकामाच्या युनिटात येतात, तुमच्या फिनिशिंगला येतात. पैसे फार जास्त नसतात. विडीच्या पानांचा घरभर पसरलेला वास आणि आईची वाकलेली मान यांच्यापासून दूर, एका ठरलेल्या वेळेला तयार होऊन बाहेर पडता येणं हीच त्यांची कमाई. त्यांच्यासाठी स्वच्छ संडास, सहाच्या आत सुटका आणि बसस्टॉपपर्यंत उजेड, एवढं बघा. बाकी सांगायची गरज नाही.

आणि एक थोडं अवघड. तुमचे वडील पहाटे उठून मागांचा आवाज ऐकायचे असतील. तुम्ही स्वतः, प्रश्नातच लिहिलंय, निम्मा वेळ ऑनलाइन विक्रीच्या मागं असता. म्हणजे मागाच्या खडखडाटात आयुष्य काढायची इच्छा तुमचीही नाही. तुमच्या कामगाराचा मुलगा तुमच्याच वयाचा आहे. त्याला या कारखान्यात काय हवंय ते शोधताना, तुम्हाला काय नको होतं तिथून सुरुवात केलीत तर लवकर सापडेल.

सोमवारी एवढंच करा: गेल्या सहा महिन्यांत सोडून गेलेल्या दहा जणांचे नंबर काढा आणि स्वतः फोन करा. परत येतोस का, असं विचारू नका. 'कुठल्या दिवशी ठरवलंस की आता जायचं?' असं विचारा. कारण विचारलं की माणूस पगार म्हणतो. दिवस विचारला की त्याला तो दिवस आठवतो, त्या दिवशी कोण काय बोललं तेही.

राहिलं बायोमेट्रिक. लावा, काही हरकत नाही. पोरांना त्याचं वावडं नाही. उलट ओव्हरटाइमचा वाद मिटतो म्हणून त्यांना ते बरंच वाटतं. कुरकुर जुने करतील, कारण सुताच्या आणि तेलाच्या कामानं त्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, आणि यंत्रानं चार वेळा नाकारलं की तीस वर्षांच्या माणसाला ते झोंबतं. चेहरा ओळखणारं यंत्र घ्या. फक्त जानेवारीत सुरू करू नका. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात नंदीध्वज निघाले की जुना-नवा कोणीच जागेवर नसतो, आणि तुमच्या यंत्राचा पहिलाच रिपोर्ट कोरा निघेल.